झाकलेलं असलं तरी

मंगळवारी सकाळी बंदराच्या बाजूला जमीन जराशी हलली. कुणाच्या घरातला कपसुद्धा फुटला नाही. फक्त 'कामेनोयु' या गल्लीतल्या न्हाणीघराच्या दारावरची पाटी खाली पडली, आणि ती परत टांगायला गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष तेत्सुओ कुझुमी स्वतः स्टुलावर चढले. दुसऱ्या कुणी टांगली असती तर ती वाकडी लागली असती, असं त्यांचं मत होतं. जगातल्या बहुतेक कामांबद्दल त्यांचं हेच मत होतं.

पाटीवर लिहिलं होतं, 'अंगावर गोंदण असलेल्यांनी आत येऊ नये. झाकलेलं असलं तरी.'

या गावात गोंदण म्हणजे गुंडांच्या टोळीची खूण समजतात. पाटीवरचं दुसरं वाक्य मात्र कुझुमींचं. आठ वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत बाकीचे पहिल्या वाक्यावरच थांबले होते. कुझुमी तावातावाने उभे राहिले होते. "झाकलं म्हणजे नाहीसं होतं का? उद्या कुणीही पट्टी चिकटवून येईल आणि शेजारी येऊन बसेल!" मग त्यांनी कुणाचं अनुमोदन आहे म्हणून विचारलं आणि सगळ्यांनी हात वर केले. या गल्लीत एकाचा हात वर गेला की बाकीचे हात आपोआप वर जातात. नंतर घरी जाऊन काय बोलायचं ते लोक बोलतात.

तर पाटी सरळ लागली, आणि त्याच क्षणी कुझुमींच्या कमरेत अशी काही चमक भरली की त्यांना स्टुलावरून उतरवायला दोन माणसं लागली.

हाडवैद्याने त्यांना पालथं पाडलं आणि कातडीच्या रंगाच्या रुंद चिकटपट्ट्या एकीला एक लावून मानेपासून पार कमरेखालपर्यंत चिकटवल्या. पाठीवर बोटभर जागा मोकळी ठेवली नाही.

"पाच दिवस हात लावायचा नाही," तो म्हणाला. "अंघोळ करा, पाण्याने काही होत नाही. पण रविवारच्या आधी काढलीत तर पुन्हा मला बोलवायलासुद्धा तुम्हाला उठता येणार नाही."

"रविवारपर्यंत? शनिवारी चिसातो येतेय!" कुझुमींच्या बायकोने, हारुएने, मध्येच तोंड घातलं.

"येतेय म्हणजे? मी कुठे हो म्हटलंय?" कुझुमी पालथ्या अवस्थेतच ओरडले.

चिसातो त्यांची एकुलती एक मुलगी. सेंदाईला बेकरीत काम करते. सहा वर्षांपूर्वी ती दंडावर समुद्रातलं एक माकूळ गोंदवून घरी आली होती. दहा पायांचं, डोळे वटारलेलं माकूळ! कुझुमींनी तिला एवढंच सांगितलं होतं की या गल्लीत फिरताना लांब बाह्या घालायच्या आणि न्हाणीघराची पायरी चढायची नाही. ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली, ती आलीच नाही. यंदा पितरांच्या सणाला येते म्हणाली होती, पण तिची एक अट होती. 'आईबरोबर कामेनोयुला जाणार. आणि हात झाकणार नाही.'

"सहा वर्षं मी एकटी त्या हौदात बसतेय," हारुए म्हणाली. "शेजारच्या बायका लेकींच्या पाठी चोळतात आणि मी नळाकडे बघत बसते. यावेळी माझी लेक माझ्याबरोबर येणार. नियम तुमचा आहे, तुम्ही काय ते बघा."

"नियम सगळ्यांचा आहे! सगळ्यांनी हात वर केले होते!"

हारुए काही बोलली नाही. तीस वर्षं ती अशीच काही न बोलता जिंकत आली होती.

बुधवारी सकाळी कुझुमी नेहमीप्रमाणे न्हाणीघरात गेले. सदरा काढला, आणि कपडे बदलायच्या खोलीतली बडबड बंद पडली. ते साबण लावायला बसले तर डावीकडचा माणूस उठला. उजवीकडच्यालाही अचानक काहीतरी आठवलं. हौदात उतरले तेव्हा त्यात सहा जण होते, ते घटकाभरात एकेक करून दिलगिरीच्या सुरात पुटपुटत बाहेर पडले. उरले फक्त तोफूवाले तोगाशी.

तोगाशी कुझुमींच्याच वयाचे, शांत गृहस्थ. त्यांच्या उजव्या खांद्याला कायम एक तळहाताएवढी पट्टी असे. खांदा धरल्याचं दुखणं, गेली तीस वर्षं. कुझुमी चिडके असले तरी त्यांच्यात माणुसकी होती. दर आठवड्याला ते न चुकता चौकशी करत.

"कसा आहे खांदा?"

"आहे तसाच," तोगाशी म्हणाले. मग त्यांनी कुझुमींच्या पाठीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. "कुझुमीसान, तुम्ही फार सोसलंत हो."

"सोसलं कसलं! कालच तर झालं!"

तोगाशींनी फक्त मान हलवली. दुपारी त्यांनी चार वड्या तोफू घरपोच पाठवला. वर चिठ्ठी होती, 'एकमेकांना धरून राहू.' कुझुमींना यातलं एक अक्षर कळलं नाही, म्हणून ते चिडले.

गुरुवारी मित्सुआजीने त्यांना दारातच अडवलं. ही शहाऐंशी वर्षांची बाई न्हाणीघराची मालकीण. पुरुषांची आणि बायकांची बाजू यांच्या मधोमध उंच बैठकीवर बसून ती दोन्हीकडचं पाहायची, पण पाहिलेलं कधी बोलून दाखवायची नाही. सबंध गल्ली तिला आजी म्हणे, सत्तरीचे कुझुमीसुद्धा.

"कुझुमीसान, आज जरा..." ती म्हणाली, आणि दातांतून हवा आत ओढून थांबली.

आता हे 'जरा' म्हणजे काय ते कुझुमींना चांगलं ठाऊक होतं. या गावात नाही म्हणायची पद्धत नाही. लोक 'जरा' म्हणतात, हवा ओढतात आणि गप्प बसतात. पुढचं वाक्य ऐकणाऱ्याने स्वतः बनवून घ्यायचं आणि लाजून घरी जायचं. अडतीस वर्षं शाळेत घालवलेल्या कुझुमींना अर्धवट वाक्याची भयंकर चीड होती.

"जरा काय? वाक्य पूर्ण कर, आजी!"

"पाणी जरा..."

"पाण्याला काय झालंय?"

"गरम आहे."

"न्हाणीघराचं पाणी गरम नसेल तर काय थंड असेल?"

"नाही म्हणजे, आज तुम्ही दमलेले जरा..."

कुझुमी खरोखरच दमले, आणि अंघोळ न करता पाय आपटत घरी आले. पाय आपटल्याने कंबर आणखी दुखली.

शुक्रवारी घरोघर फिरणारी सूचनांची वही आली. ही वही सगळ्यात आधी अध्यक्षांकडे येते. ते शिक्का मारतात आणि मग ती पुढे जाते. त्या दिवशी ती सगळ्यात शेवटी आली. बावीस घरांचे शिक्के आधीच पडले होते. आत मंडळाचे चिटणीस मोनमा यांच्या टापटीप अक्षरात लिहिलं होतं, 'उन्हाळा कडक आहे, सर्वांनी प्रकृती जपावी. या निमित्ताने न्हाणीघराच्या नियमांची आपण सर्वांनीच प्रेमाने आठवण ठेवू या. कोणीही विशिष्ट व्यक्ती डोळ्यांसमोर नाही.'

"विशिष्ट व्यक्ती नाही!" कुझुमी गरजले. "म्हणजे मीच! दुसरं कोण? वहीचा क्रम बदलला! तीस वर्षांत क्रम बदलला नव्हता!"

ते वही घेऊन तसेच मोनमांच्या दारात गेले. मोनमा पन्नाशीचे, घाबरट, भांडणाचा आवाज ऐकला तरी त्यांच्या पोटात दुखे.

"लोक काय म्हणताहेत ते मला आत्ताच्या आत्ता सांगा!"

"कुणी काहीच म्हणत नाही हो, कुझुमीसान."

"मग ही वही कशाला?"

"कुणी काहीच म्हणत नाही ना, म्हणूनच सगळे काळजीत आहेत."

"मोनमासान, मी इथे बसतोय. तुम्ही एक पूर्ण वाक्य बोलेपर्यंत उठणार नाही."

कुझुमी उंबऱ्यावर बसले. येणारे-जाणारे बघू लागले. लोक बघताहेत हे मोनमांना पोटदुखीपेक्षा वाईट वाटलं, आणि त्यांनी डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं. गल्लीत असा समज होता की अध्यक्षांच्या सबंध पाठीवर अजगरासारखा ड्रॅगन आहे. ऐन तारुण्यातली अठरा वर्षं ते ओसाकात होते. तिथे शाळेत शिकवत होते हे त्यांनीच सांगितलेलं, कुणी पाहिलंय? इतकी वर्षं न्हाणीघरात कोरी दिसली ती पाठ? तिच्यावर कातडीच्या रंगाचा लेप असणार, आता तो टिकत नाही म्हणून पट्ट्या. शिवाय एवढा राग साध्या मास्तराला येतो का? हा तर टोळीतल्या माणसाचा राग. आणि गोंदणावर एवढं तुटून पडायचं कारण? ज्याचं त्यालाच ठाऊक.

"अहो, ती हाडवैद्याची पट्टी आहे! पट्टी कमरेसाठी असते!"

"असते ना," मोनमा घाईघाईने म्हणाले. "खांद्यासाठीही असते. आम्ही कधी काही विचारलंय का कुणाला? पण तळहाताएवढी पट्टी असली तर आतलं तळहाताएवढंच असणार. तुमची तर सबंध पाठ... लोकांना जरा..."

कुझुमींचा राग इतका वर गेला होता की यातला खांद्याचा उल्लेख त्यांच्या कानावरून तसाच गेला. ते तिथेच सदरा फाडून पाठ सोलायला निघाले, पण पाठीपर्यंत हात पोचेना. मोनमांना ते म्हणाले, "ओढा!" मोनमा घरात पळाले.

शनिवारी चिसातो आली. अर्ध्या बाह्यांचा सदरा, दंडावर माकूळ, तसंच डोळे वटारलेलं. कुझुमींनी त्याच्याकडे पाठ फिरवली. आईने तिला सगळी हकिकत सांगितली, तेव्हा ती जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"हसायला काय झालं? माझी अब्रू गेली आहे!"

"बाबा, सोपं आहे. गल्लीत फिरताना लांब बाह्या घाला आणि न्हाणीघराची पायरी चढू नका."

हे वाक्य कुझुमींनी कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं कुठलं, बोललं होतं, आणि बोलताना ते अगदी रास्त वाटलं होतं. ऐकताना मात्र ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

"माझ्या पाठीवर काही नाहीये," ते म्हणाले.

"असतं तर?" चिसातोने विचारलं. आता ती हसत नव्हती. "असतं तर तुम्ही वेगळे कुणी झाला असता का?"

"उगाच वाद घालू नकोस!" कुझुमी म्हणाले. उत्तर नसलं की ते हेच म्हणत.

रविवारी सकाळी पाच दिवस पूर्ण झाले. कुझुमी हाडवैद्याकडे गेले नाहीत. ते पुढे, हारुए आणि चिसातो मागे, असे तिघं थेट कामेनोयुवर पोचले. दारावर त्यांचीच पाटी त्यांच्याच हाताने सरळ टांगलेली होती. चिसातो तिच्याखाली थांबली. मित्सुआजीने बायकांच्या बाजूला पाहिलं, उघड्या दंडाकडे पाहिलं, आणि हवा आत ओढली.

"आजी, थांब! आधी माझं!" कुझुमी पुरुषांच्या बाजूला घुसले. सकाळची सगळी मंडळी हजर होती. मोनमाही आले होते, कारण न येणं वाईट दिसलं असतं. कुझुमींनी सदरा फेकला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले.

"ओढा! कुणीही ओढा! सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे!"

"जरा..." कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी मिळून हवा ओढली.

"मी ओढतो," तोगाशी पुढे आले. "कुझुमीसान, काहीही असलं तरी मी तुमच्या बाजूला उभा आहे."

त्यांनी वरच्या पट्टीचं टोक धरलं आणि खाली ओढलं. कुझुमींनी जी किंकाळी फोडली ती बंदरापर्यंत गेली असावी. एक पट्टी, दोन, तीन, सहा. खाली निघाली एक सत्तर वर्षांची पांढरीफटक पाठ आणि तिच्यावर लाल पट्टे. ड्रॅगन नाही, त्याचं शेपूटसुद्धा नाही.

मग कुणीतरी उसासा टाकला, आणि तो सुटकेचा नव्हता. लोक चक्क हिरमुसले होते.

"काही नाहीच की," मोनमा हळूच म्हणाले.

सगळ्यात वाईट अवस्था तोगाशींची झाली. हातात पट्ट्या घेऊन ते बाकावर बसले. "मला वाटलं होतं तुमचंही आहे," ते म्हणाले. "चार दिवस मी किती आनंदात होतो. म्हटलं, आता मी एकटा नाही."

"तुमचंही? म्हणजे?"

तोगाशींनी खांद्यावरची पट्टी काढली. खाली तळहाताएवढं माकूळ होतं. दहा पायांचं, डोळे वटारलेलं. रंग उडालेला, पण तेच.

कुझुमींनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. "तुमचा खांदा...? तीस वर्षं मी तुमच्या खांद्याची चौकशी करतोय! तीन तीन डब्या भरून मलम आणून दिलं तुम्हाला! ते काय केलंत?"

"लावलं. वाया कशाला घालवायचं."

"आणि हे सगळ्यांना माहीत होतं?"

सगळे एकदम आपापल्या पंचाच्या घड्या घालू लागले, म्हणजे माहीत होतं.

"आणि बैठकीत! 'झाकलेलं असलं तरी' म्हणून मी म्हटलं तेव्हा तुम्हीसुद्धा हात वर केलात!"

"सगळ्यांनी केला होता," तोगाशी म्हणाले. "एकट्याने कसा खाली ठेवायचा?"

"पण हे माकूळ... हे माझ्या मुलीच्या..." कुझुमी थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्धवट राहिलं.

तोगाशींनी ते पूर्ण केलं. तोफूवाल्यांचा घरजावई होण्याआधी ते तीन वर्षं कुझुमींच्या वडिलांच्या होडीवर कामाला होते. कुझुमी ओसाकाला गेले त्याच्या पुढच्या वर्षी शेजारची एक होडी बुडाली. प्रेतं किनाऱ्याला लागली, पण कोण कुणाचा ते घरच्यांनाही ओळखता येईना. तेव्हा कुझुमींच्या वडिलांनी आपल्या नऊही माणसांच्या अंगावर एकच माकूळ गोंदवून घेतलं. पहिलं स्वतःच्या दंडावर.

"बाबांच्या दंडाला भाजलं होतं," कुझुमी म्हणाले. "उकळतं पाणी सांडलं होतं. म्हणून तर कायम फडकं बांधलेलं असायचं."

"तुम्ही परत आलात, इथल्या शाळेत मास्तर झालात, तेव्हा बांधायला लागले. आम्हालाही म्हणाले, झाकून ठेवा रे, तेत्सुओला आवडायचं नाही. ते गेले तेव्हा शेवटचे कपडेही आम्हीच चढवले ना. तुम्हाला दिसू नये म्हणून."

कुझुमी भिंतीकडे वळले. या न्हाणीघरात पुरुषांच्या आणि बायकांच्या मध्ये एकच भिंत आहे, आणि ती छतापर्यंत पोचत नाही. इकडचं सगळं तिकडे ऐकू जातं.

"हारुए!" ते ओरडले. "तुला माहीत होतं?"

भिंतीपलीकडून, बायकांच्या दारातून, हारुएचा आवाज आला, "जरा..."

"चिसातो!"

"मला आजोबांनीच दाखवलं होतं, बाबा. मी सात वर्षांची होते. म्हणाले, सुंदर आहे ना? पण बाबाला सांगू नकोस, तो चिडतो."

"मी चिडतो?" कुझुमी भिंतीवर मूठ आपटून किंचाळले. "मी कधी चिडतो? कोण म्हणतं मी चिडतो? सबंध गल्लीला ठाऊक, माझ्या बायकोला, माझ्या पोरीला ठाऊक, आणि माझ्या स्वतःच्या बापाने बारा वर्षांपूर्वी मरेपर्यंत माझ्यासमोर बाही वर केली नाही! उन्हाळ्यातसुद्धा! मला सांगायला काय झालं होतं?"

सगळ्यांनी मिळून दातांतून हवा आत ओढली. हे वाक्य मात्र कुझुमींना स्वतःच पूर्ण करावं लागलं, आणि ते मनातल्या मनात पूर्ण करताना त्यांचा चेहरा बघवेना. घामाने भिजलेलं ते फडकं त्यांना दिसत होतं. 'बरं होत नाही का हो अजून?' असं त्यांनी दरवर्षी चिडून विचारलं होतं.

ते उघड्या पाठीने तसेच दारापाशी आले.

"मंडळाची बैठक भरली आहे," ते म्हणाले.

"आत्ता?" मोनमांनी पोट धरलं. "पण सात दिवस आधी सूचना..."

"ही पाटी काढायची. अनुमोदन?"

तोगाशींचा हात वर गेला. मग बाकीचे सगळे हात गेले, आठ वर्षांपूर्वी गेले होते तसेच, तितक्याच तत्परतेने. कुझुमींना या एकमताचाही भयंकर संताप आला, पण आता त्यावर भांडायला वेळ नव्हता. "चिसातो, जा आत!" असं ओरडून ते स्टुलावर चढले. मोनमा म्हणाले, मी काढतो. पण दुसऱ्या कुणी काढली असती तर ती नीट निघाली नसती.

पाटी निघाली. आणि कमरेत पुन्हा तशीच चमक भरली.

या वेळी चार माणसं लागली. त्यांनी कुझुमींना खाली उतरवलं आणि कपडे बदलायच्या खोलीत चटईवर पालथं घातलं. हाडवैद्याला बोलवायला मोनमा धावले. पाटी कुठे ठेवायची कुणाला कळेना, म्हणून तोगाशींनी ती उलटी करून कुझुमींच्या हनुवटीखाली सरकवली. मित्सुआजी आपल्या बैठकीवरून दोन्हीकडचं पाहत होती.

भिंतीपलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला. मग हारुएचं हसणं. असं हसणं कुझुमींनी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. ती पाठ चोळत असावी, कारण चिसातो ओरडत होती, "आई, हळू! कातडी सोलशील!"

बऱ्याच वेळाने चिसातोने भिंतीवरून हाक मारली, लहानपणी मारायची तशी. "बाबा! झालं आमचं! निघायचं का?"

कुझुमींना मान वळवता येत नव्हती. ते चटईकडे बघत खेकसले, "एवढी कसली घाई आहे? बसा अजून आत!"